भाच्याचा गेमिंग पीसी: पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले

भाच्याने पाठवलेल्या यादीत रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर होता, लिक्विड कूलर होता, चहूबाजूंनी चमचमणारं काचेचं कॅबिनेट होतं आणि सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशात बसवलेलं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी ती यादी तळापासून वर वाचायला घेतली.

"मामा, पण गेमिंगसाठी तोच प्रोसेसर बेस्ट आहे ना?"

आहे की. त्याची ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, गेममध्ये फरक पाडते. पण तो फरक दिसायला जोडीला तेवढंच तगडं कार्ड लागतं, नाहीतर काउंटर-स्ट्राइक २ सारखा गेम १०८०पीवर (१९२०×१०८० पिक्सेल) सेकंदाला शेकड्यांनी फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत खेळायचा असावा लागतो. याला खेळायचेत मोठमोठे, कथेचे गेम, तेही १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) मॉनिटरवर. १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३६.९ लाख. हा वाढलेला बोजा जवळजवळ सगळा कार्डच वाहतं. म्हणून प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतला: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. तो एएम५ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्याच खोबणीत बसणारा, असल्यामुळे पुढे हौस फिटली नाहीच, तर याच मदरबोर्डवर ७८००एक्स३डी बसवता येईल.

वाचलेले पैसे गेले १६ जीबीच्या आरएक्स ९०६० एक्सटी ग्राफिक्स कार्डमध्ये, आणि इथे डोळे उघडे ठेवून खरेदी करायची. २०२५ मध्ये आलेलं हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन्हीत मिळतं. नाव तेच, चिप तीच, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआयचीही तीच गत. ८ जीबी वाईट का, हे सरासरी फ्रेमच्या तक्त्यात दिसतच नाही. कार्डची मेमरी भरली की जादाचा माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून परत येताना उशीर होतो. चालता चालता वळण घेतलं की चित्र क्षणभर अडखळतं. काही गेम तर अडखळतही नाहीत, गुपचूप भिंतीवरची पोस्टरं धुरकट करून टाकतात. खेळणाऱ्याला वाटतं गेमच असा आहे. टेक्स्चरचं, म्हणजे भिंती-कपड्यांवरच्या बारकाव्यांचं, सेटिंग वर नेलं तर फ्रेम फारशा कमी होत नाहीत, फक्त मेमरी लागते. म्हणजे १६ जीबी असेल तर चित्रातली ही सुधारणा जवळपास फुकटात पडते. भाच्याच्या मशीनवर ते सेटिंग सगळीकडे शेवटच्या टोकाला आहे आणि तिथून हलवायची वेळ आलेली नाही.

कार्डाला मर्यादाही आहेत. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबं दाखवणं) बेताने वापरा, सायबरपंक २०७७ चं पाथ ट्रेसिंग, म्हणजे त्याचाच जड प्रकार, विसराच. त्याचीच आवड असेल तर १६ जीबीचं ५०६० टीआय बघा. एफएसआर ४, म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणारं एएमडीचं तंत्र, मात्र चांगलं आहे, आधीच्या एफएसआरपेक्षा चित्र बरंच स्वच्छ दिसतं. अट एवढीच की गेममध्ये त्याची सोय हवी.

मदरबोर्ड साधा बी६५०. पेनड्राइव्ह लावून बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) बदलायचं बटण आणि एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट एवढंच पाहिलं. एसएसडी जेन ४ ची (चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीची), १ टीबी. जेन ५ चा गेममध्ये काही उपयोग जाणवत नाही, त्यापेक्षा जागा महत्त्वाची. एकटा बाल्डर्स गेट ३ च १५० जीबी मागतो.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर५-६०००, सीएल३० (६००० हा वेग, सीएल म्हणजे प्रतिसादाला लागणारा उशीर). प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या आणि बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग, चालू करायचं. ते राहिलं तर ६००० चे पैसे मोजून बहुतेक किट ४८०० वर रांगत बसतात. पहिल्यांदा मशीन चालू केलं की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असतं, त्याला काही मिनिटंही लागतात. भाच्याचा हात पॉवर बटणाकडे गेलाच होता, मी मनगट धरलं.

पॉवर सप्लायवर घासाघीस करायची नाही. हे कार्ड १६० वॅटचं आहे, सगळं मशीन ४०० च्या आतच खेळतं, तरी ६५० वॅट घेतला, कारण पुढचं कार्ड कदाचित जास्त खाईल. '८० प्लस गोल्ड' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतलं संरक्षण कसं आहे ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी सप्लाय उघडून तपासलेली परीक्षणं वाचावी लागतात.

प्रोसेसरसोबत येणारा कूलर काम भागवतो, पण आहे छोटा. जोर पडला की पंखा ऐकू येणारच. हेडफोन लावून खेळणाऱ्याला चालेल, नाहीतर साधासा टॉवर कूलर घ्या, लिक्विडची गरज नाही. कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं. दिव्यांची हौस म्हणून चमकणारी रॅम तेवढी मंजूर केली.

मॉनिटरची केबल कार्डातच लावा. ७६०० मध्ये चिमुकलं ग्राफिक्स असल्यामुळे मदरबोर्डला लावली तरी चित्र येतं, आणि मग गेम रखडला की लोक नव्या कार्डाला शिव्या घालतात. शिवाय विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा ६० वरच चालू असतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.