शाळेनंतरचा वर्ग आणि थ्री-पिन प्लग
लेक सातवीत. जूनपासून सांगलीत घराजवळच्या एका वर्गाला जाते, साडेपाच ते सात. गृहपाठ तिथंच उरकतो. ऑफिसातून आल्यावर अपूर्णांक शिकवायचं त्राण कुणाला असतं! पण खरी मजा शनिवारी. थ्री-पिन प्लग उघडून वायरी जोडायला लावल्या. "आई, हिरवी अर्थिंगची. तिची पिन लांब असते, म्हणजे ती आधी टेकते," हे इस्त्रीचा प्लग बदलताना तिनंच मला सांगितलं. 2000 वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडतं, हे कळल्यापासून बाबांच्या आंघोळीवर पहारा आहे. इंग्रजीला मात्र चार महिन्यांत तिसऱ्या बाई आल्या आणि व्याकरण दर वेळी नामापासूनच सुरू. फी तेवढी एक तारखेला न चुकता मागतात.