उबंटू २४.०४, टॉवेलच्या कारखान्यातला: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

उबंटू म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. छोटं ऑफिस, मोजके जुने डेस्कटॉप, वेगळा आयटीवाला नाही, आणि ज्याला "जरा कॉम्प्युटरचं कळतं" त्याच्याच गळ्यात सगळं, अशी जागा असेल तर पुढचं वाचा. आमचं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. माझं मूळ काम डिस्पॅचचं: चलन, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्यांशी हुज्जत. कॉम्प्युटर हे त्याच पगारात.

आमची मशिनं सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. चालती मशिनं भंगारात घालायला शेठ तयार नव्हते. मग टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनसाठी एक नवीन विंडोजचं मशिन घेतलं (यात हौस करू नका, टॅली आहे तिथेच राहू द्या) आणि बाकीच्यांवर २०२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर उबंटू टाकलं. ब्राउझर, मेल, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागचं), प्रिंटर, एवढंच काम. ते बिनबोभाट चालतं, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही.

डोकं खाल्लं ते आकड्यांनी. आज नव्वद टक्के गोष्टी कळतात, पण त्या आधी कुणी मराठीत सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४.०४ हा दशांश अपूर्णांक नाही. २४ म्हणजे साल, ०४ म्हणजे महिना. एप्रिल २०२४ ला आलेलं. पहिलं उबंटू ४.१० होतं, ऑक्टोबर २००४ चं. २००६ मध्ये एप्रिलचं व्हर्जन दोन महिने लांबलं तर त्याचं नावही ६.०४ ऐवजी ६.०६ झालं. म्हणजे आकडा किती सुधारणा झाल्या ते सांगत नाही, कधीचं आहे तेवढंच सांगतो. आता यातली मेख. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा आग्रह होता, "२४.१० घ्या की ओ, त्याच्या पुढचं आहे." पुढचं होतं, पण सम सालातल्या एप्रिलच्या व्हर्जनला एलटीएस म्हणतात आणि त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्यांना फक्त नऊ महिने. २४.१० चा सपोर्ट जुलै २०२५ मध्ये संपलाही. २४.०४ चा २०२९ पर्यंत आहे. मोठा आकडा आधी गेला.

त्यामागे आणखी एक टिंब येतं. आम्ही टाकलं तेव्हा २४.०४.२ होतं, ऑगस्टनंतर तेच मशिन २४.०४.३ दाखवायला लागलं. मी नवीन काही टाकलं नव्हतं. तोवरचे सगळे अपडेट एकत्र बांधून नवी फाईल काढतात त्याला पॉइंट रिलीज म्हणतात. रोजचे अपडेट घेत असाल तर तुम्ही आपोआप तिथे पोचलेले असता. फक्त कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.११ वरून ६.१४ वर गेला, आणि त्या दिवशी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतोय ना ते मी सगळ्यात आधी बघितलं. चालत होता.

कर्नलच्या आकड्यात मात्र साल शोधायला जाऊ नका. तिथे २.६.३९ नंतर २०११ मध्ये एकदम ३.० आलं, ते केवळ आकडे फार लांबले म्हणून. लिब्रेऑफिसची तऱ्हा तिसरीच: ७.६ पर्यंत साधे आकडे, मग २०२४ च्या जानेवारीअखेर थेट २४.२, फेब्रुवारीचा आकडा धरून. अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, "सात वरून चोवीस? मधली सोळा कुठं गेली?" कुठंच नाही गेली, त्यांनीही साल-महिना धरला. एकाच मशिनवर तीन पद्धती नांदतात. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की तो कोणत्या घरातला आहे हे आधी विचारायचं.

खरी कसोटी लागली ती एका परदेशी खरेदीदाराच्या फॉर्मवर. हल्ली एक्स्पोर्टच्या पार्टीला टॉवेलच्या सॅम्पलबरोबर तुमचे कॉम्प्युटर किती सुरक्षित आहेत याचीही यादी लागते. त्यांच्या माणसाने शेरा मारला: ओपनएसएसएच ९.६ जुनं आहे, जुलै २०२४ मध्ये सापडलेलं भोक ९.८ मध्ये बुजवलंय, तेव्हा ९.८ टाका. मी माझ्या टेबलावरून बाकीच्या मशिनमध्ये शिरायला हेच वापरतो, त्यामुळे विषय अंगावरचा होता. पण उबंटूत ९.८ देतच नव्हतं. रोज अपडेट मारा, ९.६ ते ९.६.

पॅकेजचा, म्हणजे उबंटूत सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं त्याचा, पुरा आकडा वाचल्यावर उलगडा झाला. भोक बुजवलेलं पॅकेज असं होतं: १:९.६पी१-३उबंटू१३.३. विसर्गासारखं चिन्ह येतं त्याच्या आधीचा १ हा मोजणीची पद्धत बदलली की वाढवतात तो. ९.६पी१ हा मूळ बनवणाऱ्यांचा आकडा. आडव्या रेघेपुढचा ३ डेबियनवाल्यांनी (उबंटू ज्या लिनक्सवर बेतलंय ते) केलेल्या बदलांचा, आणि शेवटचा १३.३ उबंटूवाल्यांचा. एलटीएसमध्ये मूळ आकडा गोठवतात आणि नव्या व्हर्जनमधला तेवढा दुरुस्तीचा तुकडा जुन्यावर शिवतात. टॉवेलचा काठ उसवला तर आपण अख्खा टॉवेल नव्याने विणत नाही, तसं. म्हणजे ९.६ बघून काहीच कळत नाही. बघायचं ते शेपूट. एपीटी हा पॅकेजं आणि अपडेट सांभाळणारा प्रोग्राम; एपीटी चेंजलॉग ही कमांड दिली की त्या शेपटाच्या प्रत्येक आकड्यात काय दुरुस्त केलं ते सीव्हीई क्रमांकासकट (जाहीर झालेल्या भोकाला मिळणारा क्रमांक) येतं. त्यातल्या ओळी आणि आमच्या मशिनवरचा आकडा, दोन्हींचा फोटो पार्टीला पाठवला. विषय संपला. तुम्हाला असा फॉर्म आला तर नुसतं "अपडेटेड आहे" लिहू नका, सीव्हीई क्रमांक दाखवा. समोरचाही बहुतेक वेळा यादीच वाचत असतो.

पण सगळ्यात विचित्र आकडा सापडला तो एक्सझेड नावाच्या छोट्या पॅकेजचा. फायली दाबून लहान करणारं हे पॅकेज जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता, मार्च २०२४ मध्ये तो उघड झाला, हे मी वाचलेलं होतं. आणि आमच्या मशिनच्या यादीत बघतो तर ५.६.१! पोटात गोळाच आला. नीट वाचलं: ५.६.१+रिअली५.४.५. अक्षरशः "खरं तर ५.४.५". अपडेटची यंत्रणा मोठा आकडाच पुढचा मानते, मागे जात नाही. वाईट ५.६.१ काढून जुनं ५.४.५ द्यायचं तर त्याला ५.६.१ च्या पुढचा मुखवटा लावावा लागतो. ही डेबियनवाल्यांची जुनी तोड आहे, आणि तोच आकडा उबंटू २४.०४ मध्ये आला. त्या प्रकरणामुळे २४.०४ चं बीटा (चाचणीचं व्हर्जन) आठवडाभर पुढे ढकललं गेलं, वाईट एक्सझेड आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधली गेली. एवढा एक आकडा वाचून माझा या लोकांवरचा विश्वास वाढला. लपवाछपवी नाही, काय घडलं ते आकड्यातच लिहून ठेवलंय.

तो चोरदरवाजा सापडला कसा तेही सांगतो, कारण पुढच्या लॉगच्या (मशिन स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदींच्या) विषयाशी त्याचा संबंध आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. काही आठवड्यांपूर्वी, पॅकेजं अपडेट झाल्यावर, चाचण्यांमध्ये एक चमत्कारिक तक्रार उमटली होती, तीही त्याला आठवली. वेळ वाढला, तक्रार नवी, दोन्ही अपडेटनंतर. त्यावरून त्याने माग काढला.

आता अपडेट. सुरक्षेचे अपडेट मशिन चालू केल्यावर स्वतःहून घेतं, त्याबद्दल तक्रार नाही. गोंधळ होतो तो "फेजिंगमुळे पुढे ढकललं" या ओळीने. दोन मशिनं शेजारी-शेजारी, एकावर अपडेट आलाय, दुसऱ्यावर नाही. बिघाड नाही तो. सुरक्षेचा नसलेला अपडेट आधी थोड्या मशिनना देतात, बोंब झाली नाही तर हळूहळू बाकीच्यांना. जबरदस्ती करून ओढू नका, दोन-चार दिवसांत येतो. फायरफॉक्स मात्र स्नॅप या वेगळ्या वाटेने अपडेट होतं आणि "ब्राउझर बंद करा" अशी पाटी भर ई-वे बिलात दाखवतं. ही दोन वाटांची व्यवस्था माझ्या पचनी पडलेली नाही. अपडेट चालू असताना लाईट गेली तर पुढच्या वेळी एपीटी अडून बसतं, पण काय कमांड द्यायची ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं. वाचा आणि तीच द्या. उगाच फॉरमॅट मारणारे लोक मी पाहिलेत.

लॉगवर थोडं सविस्तर लिहितो. टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल -बी -पी ४ (journalctl -b -p 4) असं दिलं की मशिन चालू झाल्यापासूनच्या वॉर्निंग आणि त्याहून गंभीर ओळी दिसतात. पातळ्या शून्य ते सात. शून्य सगळ्यात वाईट, ३ म्हणजे एरर, ४ वॉर्निंग, ७ नुसती बडबड. एरर लाल, वॉर्निंग पिवळी. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल मशिन शेवटच्या घटका मोजतंय. आमच्या प्रत्येक मशिनवर, प्रत्येक वेळी चालू करताना, लाल ओळ: एसीपीआय बायोस एरर, अमुक चिन्ह सापडलं नाही. ही मदरबोर्डच्या आतल्या तक्त्यांमधली चूक, कंपनीतून येतानाच आलेली. महिनोन्‌महिने आहे, कामात कुठेच अडत नाही.

आणि उन्हाळ्यात आलेली ओळ नुसती पिवळी होती. पॅकिंगच्या शेजारच्या मशिनवर, दुपारी: कोअरचं तापमान मर्यादेच्या वर, सीपीयूचा वेग कमी केला. कंसात मशिन चालू झाल्यापासून किती वेळा झालं त्याचा आकडा, आणि तो दर दुपारी वाढत होता. सोलापूरचा मे, पारा ४२-४३ च्या घरात, वर पत्रा. पण ऑफिसातल्या मशिनवर तीच दुपार असून ती ओळ नव्हती. झाकण उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याच्या आणि जाळीच्या मध्ये टॉवेलच्या रुईची चक्क गादी बसलेली, बोटाने सोलून निघाली एका तुकड्यात. ब्लोअर मारला, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, ओळ बंद. पॅकिंगचा पोरगा त्याआधी रोज म्हणत होता, "सर, दुपारी लेबल लई उशिरा निघतंय," आणि सगळे नेटला शिव्या देत होते. विंडोजवर असतानाही हे होतच असणार. फरक इतकाच की इथे ते लिहून ठेवलेलं सापडलं.

म्हणून माझी पद्धत अशी: नवं मशिन लावलं की पहिल्या आठवड्यातल्या सगळ्या लाल-पिवळ्या ओळी एका फाईलमध्ये ठेवतो. नंतर कधी शंका आली तर आजच्या ओळी त्या फाईलशी ताडून बघतो. रोजच्या ओळी सोडून द्यायच्या, रंग कुठलाही असो. फाईलमध्ये नसलेली, वाढत जाणारी किंवा ठरावीक वेळीच येणारी ओळ दिसली तर उठायचं. लाल-पिवळं हे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. त्याला आमची पॅकिंगची खोली कुठे माहीत?

एका बाबतीत मात्र वाट बघू नका: डिस्क. एटीए फेल्ड कमांड किंवा आय/ओ एरर अशी ओळ एकदा जरी आली तरी आधी बॅकअप, मग चौकशी. आमच्याकडे आली तेव्हा स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने तपासलं. खराब सेक्टरचे आकडे शून्य होते, पण सीआरसी एररचा आकडा चढत होता. म्हणजे डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत घोळ. साटा केबल बदलली, थांबलं. डिस्क बदलायचा खर्च वाचला.

एपीटीच्या ओळींना मशिनइतकी किंमत देऊ नका. डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग, एन म्हणजे नुसती नोंद, ई आली तरच काम अडलेलं असतं. चावी (सॉफ्टवेअर खरं त्याच कंपनीचं आहे का हे पटवणारी) जुन्या जागी ठेवली आहे, ही डब्ल्यूची ओळ बाहेरच्या कुणाचं सॉफ्टवेअर टाकलं की येते. आज चालतं, पुढे बंद होईल, इतकाच अर्थ. सवडीने करा. "उबंटू प्रो घ्या" ही जाहिरातवजा ओळ डोळ्यांना खुपते, पण त्यात तथ्य आहे: पाच वर्षांचा वायदा मुख्य पॅकेजांपुरता आहे, बाकीच्या हजारो पॅकेजांच्या सुरक्षा-दुरुस्त्या प्रोमधून येतात आणि पाच मशिनपर्यंत ते फुकट आहे. आमची मशिनं त्यात बसतात, म्हणून जोडून टाकलं.

गुण द्यायचे तर दहापैकी आठ. एक फायरफॉक्सच्या पाटीपायी कापला, एक सगळे संदेश इंग्रजीत आणि तेही वकिली भाषेत असतात म्हणून. पुढची एलटीएस २६.०४. मशिन स्वतःहून विचारतं ते २६.०४.१ आल्यावर, आणि मागच्या खेपेला २४.०४.१ सुद्धा ठरल्या दिवसापेक्षा दोन आठवडे उशिरा, २९ ऑगस्टला आलं होतं. सण-दिवाळीच्या ऑर्डरी त्याच सुमाराला असतात. आम्ही डिस्पॅच उरकल्यावर, आधी एकाच मशिनवर, डॉट मॅट्रिक्स जोडून बघू.