साखर न घालता बार्बेक्यू रिब्ज : पाच महिने अल्युलोज वापरल्यानंतर

गेले सात महिने, महिन्यातून दोन-तीनदा तरी, घरच्या ओव्हनमध्ये पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, करतेय. कार्ब (कर्बोदकं) मोजून खायला लागल्यावर बाकी बरंच काही सहज सुटलं, पण बार्बेक्यूचा तो चकचकीत, आंबटगोड, कडेला जरासा करपलेला थर काही सुटेना. मांसात कार्ब नसल्यातच जमा. सगळा प्रश्न वरच्या लेपाचा. बाटलीतल्या गोड सॉसच्या दोन टेबलस्पूनमध्येच सहसा १२ ते १८ ग्रॅम कार्ब असतात, आणि रिब्ज खाताना तेवढ्यावर कुणी थांबत नाही.

पहिले दोन महिने साखरेऐवजी एरिथ्रिटॉल हा गोडवा वापरला. सॉस गरम असताना छान लागायचा. ताटात निवला की बारीक खडे धरायचा, दाताखाली कचकच यायची आणि जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा पसरायचा. तिखट, धुरकट चवीशी तो गारवा अजिबात जुळत नाही. शिवाय ते तांबूस होत नाही, त्यामुळे रिब्ज उकडल्यासारख्या फिकट दिसायच्या.

तिसऱ्या महिन्यात अल्युलोज हा दुसरा गोडवा आणला आणि तोच टिकला. साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, ग्रॅममागे जेमतेम ०.४ कॅलरी, निवल्यावरही सॉस गुळगुळीत. मुख्य म्हणजे ते तांबूस होतं, तेही साखरेपेक्षा लवकर. याच गुणाने पहिल्या खेपेला घात केला. कोरड्या मसाल्यात मिसळून सुरुवातीलाच चोळलं आणि वरचा थर काळा, कडू झाला. आता मसाल्यात गोड काहीच घालत नाही. स्मोक्ड पॅप्रिका, मिरी, लसूण पावडर, मोहरीची पूड, एवढंच. किलोमागे सुमारे १० ग्रॅम मीठ आदल्या रात्रीच चोळून फ्रिजमध्ये ठेवते.

सॉस असा: चार टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, तीन टेबलस्पून अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, चार टेबलस्पून अल्युलोज, अर्धा कप पाणी, एकेक चमचा कांदा आणि लसूण पावडर, थोडी पॅप्रिका, चवीपुरतं मीठ. मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवायचा. अल्युलोज सोडून मोजलं तर दोन टेबलस्पूनला तीनेक ग्रॅम कार्ब पडतात. अल्युलोजच्या पाकिटावरच्या कार्बच्या आकड्याने मी आधी दचकले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अल्युलोज लेबलवरच्या साखरेच्या आकड्यातून वगळण्याची मुभा दिली, पण एकूण कार्बमध्ये ते धरलंच जातं. साखरेची रांग आणि कार्बची रांग वेगवेगळी वाचा. मिश्र गोडव्यांच्या पाकिटात माल्टोडेक्स्ट्रिन आहे का, तेही बघा; ते सरळ कार्बच आहे.

आता शिजवण्याबद्दल, कारण सॉस कितीही जमला तरी चिवट रिब्ज कुणाला आवडत नाहीत. हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा काढाच. सुरीच्या टोकाने कोपरा सोडवायचा, कोरड्या पेपर टॉवेलने घट्ट धरायचा आणि ओढायचा. पहिल्यांदा मी तो तसाच ठेवला होता. खाताना कातडं चावल्यासारखं वाटलं. ओव्हन १३५ अंश सेल्सियसला. दीड तास उघड्या, मग फॉइलमध्ये गुंडाळून आणखी तासभर. मधे ६५ ते ७५ अंशांच्या आसपास मांसाचं आतलं तापमान अडकून बसतं, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला गार ठेवते. तेव्हा घाबरून आच वाढवू नका. फॉइल त्यासाठीच आहे. पोर्क ६३ अंशांना खाण्यायोग्य होतं, पण रिब्जमधला कोलॅजेन (मांस चिवट ठेवणारा घटक) विरघळून मांस मऊ व्हायला ९० ते ९५ अंश लागतात. दोन हाडांमधल्या जाड भागात थर्मामीटर खुपसून बघते, हाडाला टेकू न देता.

मग फॉइल सोडून सॉसचा हात फिरवायचा आणि २२० अंशांना सात-आठ मिनिटं. ओव्हनसमोरून हलायचं नाही, अल्युलोज एका मिनिटात तांबूस सोडून काळं होतं.

उणी बाजू दोनच. धुराची चव पॅप्रिकाने भागते, पण कोळशावरची ती नव्हेच. आणि अल्युलोज एका बैठकीत फार झालं की पोट गुडगुडतं. माझ्या पोटाला सॉसचे तीन-चार टेबलस्पून चालतात, त्यापुढे नाही.

उरलेल्या रिब्ज फॉइलमध्ये चमचाभर पाणी घालून १२० अंशांना गरम केल्या, तर दुसऱ्या दिवशीही लेप तितकाच चकचकीत राहतो. एरिथ्रिटॉलच्या दिवसांत हे कधीच झालं नव्हतं.