कॅनन एलबीपी २९००बी: ड्रायव्हर नीट ठेवा, प्रिंटर वर्षानुवर्षं चालेल

मी साताऱ्यात घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. त्यामुळे प्रिंटरकडून माझ्या अपेक्षा ठरलेल्या आहेत. काळं ते काळंच उमटावं, त्रिकोणाची बाजू मध्येच तुटू नये, वर्तुळाचा कंस दातेरी दिसू नये आणि सकाळच्या बॅचची मुलं चपला काढत असताना प्रश्नपत्रिकेचा गठ्ठा तयार असावा. कॅननचा एलबीपी २९००बी हा लहानसा लेझर प्रिंटर हे सगळं मनापासून करतो. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलांच्या टेबलावर, सोसायटीच्या ऑफिसात तुम्ही तो नक्की पाहिला असेल. त्याच्या छपाईबद्दल लोक भरभरून बोलतात. मला मात्र बोलायचंय त्याच्या ड्रायव्हरबद्दल, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, कारण माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा प्रिंटर ‘बिघडला’ म्हणून बाजूला ठेवला, त्यांच्या यंत्रात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नव्हतं.

यंत्राबद्दल थोडक्यात. मिनिटाला १२ पानं, समोरच्या ट्रेमध्ये १५० कागद. गरम व्हायला वेळ घेत नाही, बटण दाबलं की दहा सेकंदांच्या आत पहिलं पान हातात. कार्ट्रिज ३०३ नंबरचं, पण रिफिलवाला त्याला १२ए म्हणूनच ओळखतो आणि घरी येऊन पावडर भरून देतो. वायफाय नाही, नेटवर्क नाही. मागे एक यूएसबीची वायर, बस्स.

आता मुद्द्याचं. कॅननच्या या प्रिंटरमध्ये कॅप्ट नावाची पद्धत वापरलेली आहे. महागड्या ऑफिस प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्टसारखी भाषा कळते. संगणकाने ‘इथे रेघ, इथे अक्षर’ एवढं सांगितलं की पुढचं ते स्वतः बघतात. याला त्यातली एकही भाषा येत नाही. त्याच्या पोटात मेमरी जेमतेम २ एमबी. सगळं पान ठिपक्याठिपक्याने संगणकातच तयार होतं, दाबून लहान केलं जातं आणि वायरीतून प्रिंटरकडे जातं. हे काम ड्रायव्हरचं. म्हणजे छपाईचं अर्धं काम टेबलावरच्या डब्यात होतं आणि अर्धं विंडोजमध्ये. म्हणूनच ‘दुसरा कुठलाही ड्रायव्हर चालवून घेऊ’ हा उपाय इथे लागू पडत नाही. चुकीचा ड्रायव्हर टाकला तर नुसता दिवा लुकलुकतो, नाहीतर काहीच हालचाल होत नाही.

ड्रायव्हर घ्यायचा तो कॅनन इंडियाच्या सपोर्टच्या पानावरून, मॉडेलचा नंबर टाकून. सर्चमध्ये वर जाहिरातीसारखी येणारी ‘फ्री ड्रायव्हर डाउनलोड’ची पानं टाळा. त्यातल्या काहींवर हिरव्या रंगाची मोठमोठी बटणं असतात आणि खरी फाइल कुठली ते शेवटपर्यंत कळत नाही. मी वापरते तो आर १.५० व्हर्जन ३.३०, ६४ बिटचा. विंडोज १०वर तो चालत होताच, विंडोज ११वरही माझ्याकडे तोच बिनतक्रार चालतो. ३२ आणि ६४ बिटच्या फाइली वेगळ्या असतात. आपला संगणक कुठला ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउटमध्ये लिहिलेलं असतं. विंडोज ११ असेल तर प्रश्नच नाही, ती ६४ बिटचीच असते.

इन्स्टॉल करताना क्रम पाळायचा. आधी सेटअप चालू करायचा, ‘यूएसबी कनेक्शन’चा पर्याय निवडायचा, आणि तो सांगेल तेव्हाच वायर लावून प्रिंटर चालू करायचा. लोक उत्साहाने आधी वायर खुपसतात, विंडोज स्वतःच्या पद्धतीने काहीतरी ओळखून ठेवते आणि मग दोघांची ओढाताण सुरू होते.

दुसरी गोष्ट, यूएसबीचं भोक बदलू नका. साफसफाईत वायर काढली आणि शेजारच्या पोर्टात लावली, की विंडोजला वाटतं नवा प्रिंटर आला. यादीत मूळ नावाखाली ‘कॉपी १’ लावलेला दुसरा प्रिंटर दिसायला लागतो. वर्ड मात्र अजूनही जुन्यालाच पान पाठवत असतं, आणि तो ऑफलाइन. अशा वेळी ड्रायव्हर जुना झाला असं समजून लोक तो पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात. वायर मूळ जागी लावली की काम भागतं. मी त्या पोर्टवर लाल नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय, घरात कोणीही वायर लावली तरी तिथेच लावतं.

ड्रायव्हर खरोखरच बदलायचा असेल, तर जुना पूर्ण काढा. यादीतून प्रिंटर ‘रिमूव्ह’ केला म्हणजे ड्रायव्हर गेला असं होत नाही, तो आत तसाच पडून राहतो आणि पुढच्या वेळी विंडोज गुपचूप तोच उचलते. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर खाली ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ असतं. त्यात ड्रायव्हर्सचा टॅब उघडायचा, नाव निवडायचं आणि ‘ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ काढून टाका असं सांगायचं. वापरात आहे म्हणून नकार आला तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, रीस्टार्ट करायचा आणि लगेच पुन्हा काढायचा.

स्पूलरचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. एखादं पान रांगेत अडकतं, त्याच्यापुढे ‘डिलीटिंग’ लिहून येतं आणि ते काही केल्या जात नाही. हा ड्रायव्हरचा दोष असेलच असं नाही. स्पूलर थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या फाइली पुसा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा चालू करा. शंभरातल्या नव्वद तक्रारी इथेच संपतात असं माझं मत झालंय.

आता त्या पैसे घेऊन ड्रायव्हर ‘अपडेट’ करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी असा एक होता, नाव सांगत नाही. उघडला की संगणक तपासल्यासारखं करायचा आणि लाल अक्षरांत यादी दाखवायचा: इतके ड्रायव्हर कालबाह्य, वर्षाची वर्गणी भरा. तिच्या वडिलांना त्यातल्या तारखांनीच घाबरवलं होतं. बऱ्याच ओळींपुढे २१ जून २००६. वीस वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर म्हटल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येणारच. पण ही तारीख मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवलेली आहे. विंडोजसोबत येणाऱ्या स्वतःच्या ड्रायव्हरना ते हीच तारीख देतात, आतला कोड नवा असला तरी. दोन ड्रायव्हर सारखेच लागू पडत असले तर विंडोज तारीख बघून नवा निवडते. म्हणून आपल्या ड्रायव्हरची तारीख जुनी ठेवली की कंपनीने दिलेला ड्रायव्हर आपोआप वरचढ ठरतो. यात भिण्यासारखं काही नाही आणि वर्गणी भरण्यासारखं तर मुळीच नाही. त्यांना मी तो प्रोग्रॅम काढून टाकायला सांगितलं आणि कॅननच्या पानावरची फाइल टाकून दिली. संध्याकाळी मुलीने सहामाहीच्या सराव प्रश्नपत्रिका स्वतःच छापल्या.

ड्रायव्हर नवा ठेवायचा म्हणजे रोज उठून शोधायचा असंही नाही. छपाई चांगली चालू असेल तर मी ड्रायव्हरला हात लावत नाही. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली, कंपनीने सुरक्षेसाठी नवा ड्रायव्हर काढला किंवा छपाई खरंच बिघडली, तरच. विंडोजचे स्वतःचे अपडेट मात्र कधीच अडवू नका. २०२१च्या जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष याच स्पूलरमध्ये सापडला होता. स्पूलर संगणकात सर्वोच्च अधिकाराने चालतो, त्यामुळे तिथून आत शिरलेल्याच्या हाती अख्खा संगणक लागायचा. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या तारखेची वाट न बघता घाईने दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑगस्टपासून नेटवर्कवरून प्रिंटर ड्रायव्हर टाकायला ॲडमिनची परवानगी सक्तीची झाली. त्याच वर्षी मार्चमधल्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरवर छपाईची आज्ञा दिली की निळा स्क्रीन येत होता, हेही खरं. पण त्यावरची दुरुस्ती काही दिवसांतच आली. अपडेट बंद ठेवून बसणाऱ्यांना ती मिळणार कशी?

या सगळ्यातून मायक्रोसॉफ्टने एक दिशा ठरवली आहे आणि जुना प्रिंटर असणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रिंटर कंपन्यांचे जुन्या पद्धतीचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटवर घेणं टप्प्याटप्प्याने बंद होईल. वेळापत्रकाप्रमाणे जुलै २०२७ पासून तिथल्या जुन्या ड्रायव्हरना फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. नव्या प्रिंटरना याची झळ नाही, कारण मोप्रिया (वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरसाठीचं सामाईक मानक) प्रमाणित प्रिंटर विंडोजच्या आतल्याच सामाईक ‘आयपीपी’ ड्रायव्हरवर चालतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. आपला २९००बी त्यात बसत नाही. त्याला कॅननचाच ड्रायव्हर हवा. तो स्वतः डाउनलोड करून टाकायला बंदी नाही, पण ‘विंडोज शोधून देईल’ या भरवशावर राहू नका. सेटअपची फाइल आजच उतरवून घ्या. माझी एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर आहे, नावात मॉडेल, बिट आणि व्हर्जन लिहून.

आणखी एक सावधगिरी. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाचा पर्याय आलाय. तो चालू केला की बाहेरचे सगळे ड्रायव्हर बंद पडतात. ज्यांच्याकडे नवा मोप्रिया प्रिंटर आहे त्यांनी खुशाल चालू करावा, सुरक्षेला चांगलाच आहे. हा प्रिंटर असेल तर त्याला हात लावायचा नाही.

ड्रायव्हरमध्ये मला सगळ्यात आवडणारी सोय म्हणजे प्रोफाइल, सेटिंगचा संच नाव देऊन जपून ठेवायचा. मी एकाला ‘प्रश्नपत्रिका’ नाव दिलंय, त्यात टोनर सेव्ह (पावडर वाचवायची सोय) बंद, कारण तो चालू असला की आकृतीतल्या बारीक रेघा फिक्या पडतात आणि मुलांना लंब आणि मध्यगा वेगळ्या दिसत नाहीत. दुसरं ‘सराव’, त्यात टोनर सेव्ह चालू आणि एका कागदावर दोन पानं. ड्रायव्हर काढला की ही प्रोफाइलं जातात, म्हणून आधी सेटिंगचे फोटो काढून ठेवते. मराठी पीडीएफमधली जोडाक्षरं कधी कागदावर विस्कटून आली, तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्डखाली ‘प्रिंट ॲज इमेज’ आहे, तेवढी खूण करा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ सगळे जागेवर येतात.

उणिवाही सांगायला हव्यात. पाठपोट छपाई हाताने पानं उलटून करावी लागते. मोबाइलवरून थेट छापता येत नाही. स्नॅपड्रॅगन चिपचा, म्हणजे एआरएमवाला नवा लॅपटॉप घेणार असाल तर आधी थांबा, इंटेल-एएमडीच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिथे चालत नाही. घरात मुलं मोबाइलवरूनच प्रोजेक्ट छापणार असतील, तर सरळ वायफायवाला मोप्रिया प्रिंटर घ्या.

पण नुसतं काळं-पांढरं छापायचंय, इंटेल किंवा एएमडीचा विंडोज संगणक आहे आणि कुणी जुना २९००बी विकतंय, तर बिनधास्त घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. फक्त विकणाऱ्याच्या संगणकावरची छपाई बघून पैसे देऊ नका. आपला लॅपटॉप आणि सेटअपची फाइल सोबत न्या, तिथेच ड्रायव्हर टाका, टेस्ट पेज काढा आणि मगच व्यवहार करा.