कागदी घोडे आणि खरी रसद : ‘वॉर इन द पॅसिफिक – ॲडमिरल्स एडिशन’च्या एडिटरमध्ये जपानी भूसेना घडवताना

‘वॉर इन द पॅसिफिक – ॲडमिरल्स एडिशन’ हा संगणकीय युद्धखेळ मॅट्रिक्स गेम्सने २००९ साली प्रकाशित केला आणि पॅसिफिक युद्धाच्या अभ्यासूंमध्ये तो आजही खेळला जातो. या परीक्षणाचा विषय खेळ नसून खेळासोबत मिळणारा एडिटर, म्हणजे खेळातील नोंदी बदलण्याचे साधन आहे, आणि तोही एकाच कामापुरता : प्रत्यक्ष इतिहासात कधीच उभ्या न राहिलेल्या जपानी भूसेनेच्या तुकड्या रचण्यासाठी तो कितपत उपयोगी पडतो, हे येथे पाहायचे आहे. हे साधन दिसायला रूक्ष आहे, शिकायला किचकट आहे, आणि तरीही या कामासाठी मला त्याच्याइतके समाधान दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिलेले नाही.

खेळाची मोजपट्टी आधी लक्षात घ्यावी लागते. नकाशावरचा प्रत्येक षट्कोन चाळीस सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटरचा आहे, आणि प्रत्येक फेरी एका दिवसाची आहे. डिसेंबर १९४१ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंतची मोहीम खेळायची म्हटल्यास तेराशेहून अधिक फेऱ्या होतात. एडिटर उघडला की समोर येतात ते निव्वळ रकाने : तळ, तुकड्या, सेनापती, जहाजे, विमाने आणि ‘डिव्हाइस’. या शेवटच्या यादीत पायदळाच्या दहा-बारा जणांच्या तुकडीपासून तोफेपर्यंत आणि रणगाड्यापासून इंजिनिअरांपर्यंत सर्व काही येते. रणगाड्याचे चित्र ओढून चौकटीत बसवण्याची सोय येथे नाही. आकडे भरायचे आणि जतन करायचे, एवढेच काम असते.

पर्यायी इतिहास रचताना ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न नेमका कोठे विचारायचा, यावर सारे अवलंबून असते. जपानी भूसेनेच्या बाबतीत मला सर्वांत फलदायी वाटणारे वळण १९३८ सालचे आहे. १९३४ मध्ये मांचुरियात उभारलेली पहिली स्वतंत्र मिश्र ब्रिगेड हा रणगाडे, मोटारीवरचे पायदळ आणि तोफखाना एकत्र लढवण्याचा जपानचा पहिला मोठा प्रयोग होता. १९३७ मध्ये क्वांतुंग सेनेचे, म्हणजे मांचुरियातील जपानी सेनेचे, चीफ ऑफ स्टाफ तोजो यांनी उत्तर चीनमधील चाहार मोहिमेत तिचे तुकडे करून ते पायदळाच्या दिमतीला वाटून टाकले आणि पुढच्याच वर्षी ती मोडीत काढण्यात आली. १९३९ मध्ये मांचुरिया-मंगोलिया सीमेवरील नोमोनहान येथे सोव्हिएत सेनापती झुकॉव्ह यांच्या चिलखती दलांनी जपानच्या तेविसाव्या डिव्हिजनची धूळधाण केली, तेव्हा तिच्या जोडीला धड यांत्रिक दल नव्हते. जपानने स्वतःच्या टँक डिव्हिजन उभारल्या त्या १९४२ मध्ये. मधली चार वर्षे वाया गेली नसती तर मलाया, फिलिपाईन्स आणि चीन येथे काय दिसले असते, हा प्रश्न स्वप्नरंजनाचा नाही. जर्मनीचा अभ्यासदौरा करून १९४१ मध्ये परतलेल्या जनरल यामाशिता यांनी यांत्रिकीकरणावर भर देण्याचीच शिफारस केली होती.

अशी ब्रिगेड एडिटरमध्ये उतरवताना आधी तिचा साचा तयार करावा लागतो, म्हणजे पूर्ण बळाच्या वेळी तिच्यात कोणते डिव्हाइस किती असतील ते लिहावे लागते. मग प्रत्यक्ष तुकडी त्या साच्याला जोडून तिचे ठिकाण, तिचे वरिष्ठ मुख्यालय, अनुभव, मनोधैर्य आणि गरजेनुसार आगमनाची तारीख भरायची. रणगाडा ‘चि-हा’च घ्यावा, कारण १९४१ मध्ये जपानचा प्रमुख मध्यम रणगाडा तोच होता, मात्र त्याची आखूड ५७ मिलिमीटरची तोफ पायदळाला साथ देण्यासाठी होती, रणगाड्याविरुद्ध ती दुबळी ठरे. ४७ मिलिमीटरची तोफ बसवलेला सुधारित ‘चि-हा’ रणांगणावर प्रथम दिसला तो १९४२ मध्ये, फिलिपाईन्समधील कॉरेगिडोर बेटावर. नोमोनहानचा धडा लवकर गिरवला असे मानून ही तारीख वर्षभर अलीकडे आणणे मला पटते, परंतु ७५ मिलिमीटरच्या तोफेचा, युद्धाच्या उत्तरार्धात बनलेला ‘चि-नु’ १९४२ मध्येच रणात उतरवणारे जे परिदृश्य (खेळाची तयार मांडणी) मी पाहिले आहे त्याला कागदी घोडे नाचवणे हेच नाव योग्य आहे.

नवशिक्याला येथे एक सापळा आहे. जपानी पायदळाच्या एका डिव्हाइसची मारकशक्ती दोन-तीन गुणांनी वाढवणे निरुपद्रवी भासते, पण तेच डिव्हाइस नकाशावरच्या शेकडो तुकड्यांनी वापरलेले असते, त्यामुळे एका ब्रिगेडसाठी केलेला बदल चीनपासून सॉलोमन बेटांपर्यंतचे सारे सैन्य बलवान करून टाकतो. मूळ नोंदीची प्रत काढून तिला नवे नाव द्यावे आणि बदल त्या प्रतीतच करावेत. एडिटर याबाबत कोणतीही सूचना देत नाही.

खरा कस लागतो तो एडिटर बंद करून खेळ सुरू केल्यावर. तुकडीची झीज भरून काढायची तर तोफा आणि पायदळासाठी शस्त्रगुण, रणगाड्यांसाठी वाहनगुण आणि माणसे लागतात; शस्त्रे आणि वाहने यांचे कारखाने अवजड उद्योगावर चालतात, आणि तोच अवजड उद्योग गोद्या व विमानांचे कारखानेही ओरबाडत असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हे जपानच्या बाजूने खेळणाऱ्याला काही महिन्यांतच कळून चुकते. प्रत्यक्षातही अमेरिकेने १९४१ च्या उन्हाळ्यात तेल रोखल्यानंतर भूसेना आणि आरमार यांच्यात पोलाद व इंधन यांची हीच ओढाताण चालू होती.

वाहतुकीचेही तसेच आहे. मलायाच्या मोहिमेत सिंगोरा, पटनी आणि कोटा भारू येथे उतरलेल्या सैन्याबरोबर सायकली होत्या, त्यामागे काटकसरीइतकीच जहाजांतील जागेची अडचण होती. प्रत्येक डिव्हाइसला जहाजावर ठरावीक जागा लागते, म्हणून दिमाखदार यांत्रिक ब्रिगेड गोदीत उभी केली की तिच्यासाठी इतकी मालवाहू जहाजे गुंतून पडतात की त्याच आठवड्यातील बोर्निओची मोहीम पुढे ढकलावी लागते. किनाऱ्यावर उतरताना तिच्या साहित्याची मोडतोड होते ती वेगळीच. प्रवाळबेटावर तर सहा हजार सैनिकांचीच मर्यादा आहे; तेथे अवजड तुकडी नेणे म्हणजे जागा अडवून बसणे.

तरीही एक मोठी उणीव आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. झीज आणि वाहतूक यांची किंमत खेळ चोख वसूल करतो, पण तुकडीचे आरंभीचे बळ मात्र फुकट मिळते. रकान्यात शंभर रणगाडे लिहिले की ते पहिल्या दिवशी हजर होतात. ते बांधायला लागलेले पोलाद कोठून आले, हे कोणी विचारत नाही. ती जबाबदारी रचनाकाराचीच राहते. मी ब्रिगेड वाढवली तर आरंभीच्या शस्त्रसाठ्यातून किंवा आरमाराच्या बांधणीतील एखाद्या जहाजातून तेवढे वजा करतो. हा नियम खेळाचा नाही, माझा आहे, आणि तो न पाळणारी परिदृश्ये जपानला केवळ बाळसे देतात.

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या युद्धखेळात हेच काम फार सुटसुटीत आहे. पंचवीस बटालियनच्या चौकटीत चिन्हे बसवली की डिव्हिजन तयार होते, आणि बदलासाठी लष्करी अनुभवाचे गुण खर्चावे लागत असल्यामुळे थोडा लगामही राहतो. परंतु तेथे डिव्हिजन कोणत्याही देशाची असली तरी तिची घडण सारखीच वाटते. डोंगरी तोफा, घोडे आणि तुटपुंजी वाहने यांतून आलेले जपानी सैन्याचे खास रूप ‘ॲडमिरल्स एडिशन’च्या नोंदींमध्ये अधिक नेमके उतरते.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चिलखताचा मोह विशेष आवरावा. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे भारतीय सेनेच्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडसोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. त्यांच्यावर चालून आलेल्या जपानी एकतिसाव्या डिव्हिजनचे सैनिक डोंगरवाटांनी आले होते आणि त्या वाटांवर यांत्रिक ब्रिगेडचा काहीच उपयोग झाला नसता. तेथे पर्यायी इतिहास रचायचा तर रसदीच्या आणि इंजिनिअरांच्या तुकड्या वाढवाव्यात, जरी त्या नकाशावर मिरवत नसल्या तरी.

संगणकाशी खेळणाऱ्यांनी अपेक्षा माफक ठेवाव्यात. संगणकाचा जपान आधी लिहून ठेवलेल्या योजनांनुसार चालतो, त्यामुळे नव्या तुकड्यांचा हेतू त्याला उमगत नाही आणि मेहनतीने रचलेली ब्रिगेड एखाद्या दुय्यम बंदरात पहारा देत बसू शकते. फेऱ्यांची देवाणघेवाण करणारा जोडीदार मिळत असेल तरच हा खटाटोप करावा. सुरुवात पूर्ण सैन्याने न करता मांचुरियातील एकाच टँक रेजिमेंटपासून करावी, तिला छोट्या परिदृश्यात पहिले दोन-तीन महिने चालवून तिचे जहाजावरचे वजन आणि झीज पाहावी, आणि मगच ब्रिगेडचा साचा लिहायला घ्यावा.