ब्रोमाइडच्या बाटलीत क्लोराइड: फोटोचा डेव्हलपर घरी बनवणाऱ्यांनो, जपून

पोटॅशियम ब्रोमाइड म्हणून मला विकलेल्या ५०० ग्रॅमच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड निघालं. महागाच्या नावाखाली स्वस्त माल भरून विकायचा हा धंदा कसा चालतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला कसं गंडवलं ते लिहितोय, कारण तशाच बाटल्या अजून विकल्या जात आहेत.

मी फोटोच्या प्रिंटसाठी डी-७२ हा डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं द्रावण, बनवतो. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८० आणि ब्रोमाइड २ ग्रॅम. त्या २ ग्रॅमवर, विशेषतः कागद जुना असेल तर, पांढऱ्याचं पांढरेपण टिकतं. माझे प्रिंट करडे, मळकट यायला लागले. मी सेफलाइट, म्हणजे फोटोच्या कागदाला न बाधणारा अंधाऱ्या खोलीतला दिवा, बदलला. हायड्रोक्विनोन खराब झालं समजून ओतून टाकलं. ब्रोमाइड ४ ग्रॅमवर नेलं, तरी फरक शून्य. पडणार तरी कसा? फोटोच्या कागदावर चांदीचे क्षार असतात, आणि सिल्व्हर क्लोराइड हे सिल्व्हर ब्रोमाइडपेक्षा पाण्यात बरंच जास्त विरघळतं, म्हणून क्लोराइडला फॉग, म्हणजे पांढऱ्यावर चढणारा हा करडेपणा, तसा रोखताच येत नाही. शेवटी दोष कागदाचा ठरवून चांगलं पाकीट फेकलं. त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

तपासलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. बाटली आली तेव्हाच मी ज्योत परीक्षा केली होती. निळ्या कोबाल्ट काचेतून ज्योत जांभळट दिसली आणि मी निर्धास्त झालो. ती ज्योत फक्त पोटॅशियम ओळखते, ब्रोमाइड आहे की क्लोराइड ते सांगत नाही. साधं मीठ भरलं असतं तर सोडियमच्या पिवळ्या ज्योतीने तिथेच पकडलं असतं. भरणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

आणि बाटलीबरोबरचा तो दाखला! शुद्धता ९९.५ टक्के, सही, शिक्का, बॅच क्रमांक, सगळं जागच्या जागी. बॅच क्रमांक मी वहीत उतरवून घेतला. त्याच्या लगेच खालच्या ओळीत रेणुभार छापला होता: ७४.५५. पोटॅशियम ब्रोमाइडचा रेणुभार ११९ आहे. ७४.५५ हा क्लोराइडचा. क्लोराइडच्याच दाखल्यावर त्यांनी नाव बदललं आणि आकडा तसाच राहिला. माझं पेन त्या ओळीपासून बोटभर अंतरावर होतं, नजरही तिच्यावरून फिरली होती. रात्री डोळे मिटले की तो आकडा दिसतो. पण २ ग्रॅम तोलून घेणारा माणूस रेणुभार कशाला वाचेल? दाखला मागायचा तो विश्वास ठेवता यावा म्हणूनच ना?

विक्रेत्याचं उत्तर आलं, तुमचं पाणी खराब असेल. नंतर उत्तरंच बंद. ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्यांच्या तक्रार कक्षाने सांगितलं, सील तोडलेलं रसायन परत घेत नाही. सील न तोडता आत काय आहे हे कळायचं कसं, या प्रश्नाला तेच वाक्य पुन्हा चिकटवून पाठवलं. मग म्हणाले, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. प्रयोगशाळा म्हणाली, खासगी माणसाचा नमुना घेत नाही. पोलिसांनी आधी मलाच विचारलं, घरात रसायनं कशासाठी ठेवता? स्फोटकं बनवता का? मी प्रिंट दाखवले, ते कुणी हातातही घेतले नाहीत. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे ही फसवणूक नव्हे. वस्तू मिळाली आहे, मग तक्रार कसली, असंही ऐकून घेतलं. वस्तू कोणती मिळाली, हे बघायला एकही टेबल तयार नाही!

आता काय करायचं ते. ५ ग्रॅम पूड १० मिली पाण्यात टाका आणि ढवळत राहा. पाणी थंड पडेल, ते पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ब्रोमाइड पूर्ण विरघळतं. मीठ किंवा पोटॅशियम क्लोराइड असेल तर ग्रॅमभर तरी तळाशी राहतंच. एवढं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

खात्री हवी असेल तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. क्लोराइडचा साका पांढराशुभ्र येतो आणि पातळ अमोनियात विरघळतो. ब्रोमाइडचा फिकट पिवळसर असतो, तो पातळ अमोनियाला फारशी दाद देत नाही. हातमोजे घाला. अमोनिया घातलेलं चांदीचं पाणी साठवू नका, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. त्याच दिवशी आम्ल घालून निकामी करा.

सोडियम ब्रोमाइड मिळत असेल तर बेलाशक वापरा: १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइडच्या जागी ०.८६ ग्रॅम, पण लेबलवर डायहायड्रेट असेल तर १.१७ ग्रॅम. आयोडाइड मात्र ग्रॅमला ग्रॅम बदलू नका, ते कितीतरी पट जोरकस आहे. ब्रोमीन आणून घरी ब्रोमाइड बनवायचा विचारही नको, त्याची वाफ फुप्फुसं जाळते.

दाखला आला की रेणुभाराची ओळ आधी वाचा. त्या विक्रेत्याने आता दुकानाचं नाव बदललंय. बाटलीचा फोटो तोच आहे.