बॅग टांगून वजन करायचा काटा: साडेचारशे रुपयांत घरातले वाद मिटले

मुलगी सप्टेंबरच्या अखेरीस उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेली. तिच्यासाठी महिनाभर नागपुरातल्या बर्डीच्या आणि इतवारीच्या बाजारांत ज्या फेऱ्या झाल्या, त्यांत घेतलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू म्हणजे बॅग टांगून वजन करायचा डिजिटल काटा. मेन रोडवरच्या बॅगांच्या एका दुकानात तो 450 रुपयांना मिळाला. दिसायला अगदी एकसारखे काटे तिथे तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मांडलेले होते, त्यामुळे कंपनीचे नाव सांगण्यात फारसा अर्थ नाही. मुठीत मावणारे हँडल, खाली जाड पट्टा, पट्ट्याला क्लिप, मधोमध लहानसा पडदा आणि 50 किलोपर्यंतची क्षमता, असे त्याचे स्वरूप आहे.

तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या. 46 किलो ऐकायला पुष्कळ वाटतात. परंतु मोठी कडक कवचाची बॅग रिकामीच 4 किलो 300 ग्रॅम भरली, म्हणजे तशा दोन बॅगांतच साडेआठ किलोंहून अधिक वजन गेले असते. हे काट्याने पहिल्याच दिवशी दाखवले आणि दुसरी बॅग आम्ही कापडी, दीड किलोने हलकी घेतली. काट्याची किंमत तिथेच वसूल झाली, असे मी मानतो.

दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता घरी त्याची परीक्षा घेतली. तांदळाची 10 किलोची सीलबंद पिशवी टांगली तेव्हा 10.05 आले, दोन पिशव्या एकत्र टांगल्या तेव्हा 20.15. म्हणजे काटा थोडे अधिक दाखवतो, आणि या कामात चूक व्हायचीच असेल तर ती त्याच दिशेने झालेली बरी. मुंबईच्या विमानतळावर 22.80 ची बॅग काउंटरवर 22.6 भरली, तेव्हा तांदळाच्या पिशव्यांची साक्ष खरी ठरली. आतमध्ये धातूची लहानशी पट्टी असते. भार पडताच ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन काढले जाते. म्हणूनच बॅग हेलकावत असली की आकडाही नाचतो. ती दोन-तीन सेकंद स्थिर धरावी लागते, मग बीप वाजून आकडा गोठतो.

खरी अडचण इथेच आहे. 23 किलोची बॅग एका हाताने जमिनीपासून उचलून स्थिर धरणे पन्नाशी उलटलेल्या माणसाचे काम नाही. शेवटी काट्याच्या हँडलमधून झाडूचा दांडा ओवून दोघांनी दोन्हीकडून उचलण्याची युक्ती काढली आणि ती उत्तम चालली. दुसरा दोष एककाच्या बटणाचा. ते हँडलच्या कडेलाच असल्याने पकडताना नकळत दाबले जाते. एका रात्री पडद्यावर 48 उमटले आणि घरात धावपळ उडाली. बॅगेतून अर्धे सामान बाहेर काढून झाल्यावर लक्षात आले की तो आकडा पौंडांचा होता, किलोत ते पावणेबावीस होत होते. पडद्याला मागून उजेडही नाही. बिल मागितले तर दुकानदाराने, "इथंच चालवून पाहून घ्या, मग बदलून नाही भेटणार," असे स्पष्ट सांगितले.

वजनाचा निवाडा हाती आल्यावर काय न्यायचे, यावरचे वाद मात्र झपाट्याने मिटले. आजीचा आग्रह साजूक तुपाच्या डब्याचा होता, "एवढ्याशा डब्यानं काय होते?" तूप वजनासाठी नव्हे, तर युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत म्हणून राहिले. सावजी मसाला इतवारीतून दळून घेतला, तो गेला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र काढल्या. त्यांत तेल इतके असते की ते आपोआप तापून पेटू शकते, म्हणून विमानात त्यांना मनाई आहे. तीन लिटरचा कुकर 1 किलो 900 ग्रॅम भरला तरी ठेवला, पण इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा, कारण तिथे विजेची शेगडी. लोखंडी तवा 1 किलो 400 ग्रॅमचा निघाला आणि नागपुरातच राहिला. वीज दोन्हीकडे 230 व्होल्टची असल्याने जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पिनांचा अडॅप्टर पुरतो. प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र (जर्मनीतल्या शिक्षणासाठी इथल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी झाल्याचा दाखला) आणि विम्याची कागदपत्रे हातातल्या बॅगेत गेली. पॉवर बँक तर तिथेच ठेवावी लागते.

ज्यांचे नागपूर-मुंबई तिकीट वेगळे काढलेले असते, त्यांनी काटा घेण्याआधी एक गोष्ट पाहावी. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीला साधारण 15 किलोच सामान फुकट नेता येते, आणि वेगळ्या तिकिटावर पुढच्या प्रवासाचे 46 किलो कोणी धरत नाही. आम्ही विदर्भ एक्सप्रेसच्या थर्ड एसीने गेलो, जिथे माणशी 40 किलो चालतात.

एवढ्या दोषांसह मी हा काटा घ्यावा असेच सांगेन. दुकानातच एखादी ठाऊक वजनाची वस्तू टांगून पाहावी आणि पट्ट्याची शिवण ओढून तपासावी. आमचा काटा सध्या शेजारच्या मुलाकडे आहे. तो जानेवारीत कॅनडाला निघाला आहे, आणि काटा देताना पौंडाच्या बटणावर मी आठवणीने चिकटपट्टी लावली आहे.